आत्याच्या शेजारची खुर्ची

लंडनजवळच्या क्रॉयडनहून फोन आला की आमच्या घरातला पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुणाला लागलं?" माझी कुसुमआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. पंचाहत्तरी ओलांडलेली, निवृत्त नर्स, उंची जेमतेम पाच फूट. तिच्या घरून येणाऱ्या बातम्यांमध्ये कुणाचं ना कुणाचं कपाळ फुटलेलं असायचं, आणि त्यावर पट्टी बांधणारीही बहुधा तीच असायची. मार्चमधल्या त्या सकाळी मी इंग्लंडमधल्याच रीडिंग गावी ऑफिसात, एका मीटिंगमध्ये, चेहरा अतिशय गंभीर ठेवून काहीएक न ऐकता बसलो होतो, तेवढ्यात आतेबहीण सुजाताचा फोन आला. कॉरिडॉरमध्ये येऊन मी सवयीनं विचारलं, "आता कुणाला लागलं?" ती म्हणाली, "दादा, आई गेली. किचनमध्ये. चहा ठेवला होता, आणि..." कुणी तिला मारलं नव्हतं, तिनंही कुणाला मारलं नव्हतं. ती इतक्या निमूट जाईल यावर माझा अजून नीट विश्वास बसलेला नाही.

ती मूळची अशी नव्हती म्हणे. माझे वडील सांगायचे, नागपुरात असताना कुसुम मुंगी चिरडली तरी रडायची. इंग्लंडला नर्स म्हणून आली, आणि पाठोपाठ आतोबा आले. आतोबा म्हणजे तिचे यजमान, वसंतराव. कामठीच्या मैदानावर फुटबॉल खेळून गुडघा बाद करून घेतलेला शांत माणूस. क्रॉयडनला ते बस चालवायचे, आणि शनिवारी फुटबॉल बघायला मिळावं म्हणून रविवारची ड्यूटी मागून घ्यायचे. दोघांनी मिळून तिथल्या क्लबची दोन सीझन तिकिटं काढली. सीझन तिकीट म्हणजे वर्षभर घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला आपली एकच ठरलेली खुर्ची. ती खुर्ची दर वर्षी पैसे भरून पुढे चालू ठेवायची. ऐंशीच्या दशकातले ते दिवस. प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये आपल्या रंगाची माणसं ही दोघंच. मागून केळ्याची सालं यायची, थुंकी यायची, नाणी यायची. एका सामन्यानंतर स्टेशनकडे जाताना चौघांनी आतोबांना भिंतीशी दाबलं आणि खाली पाडून बुटांनी तुडवलं. मारणारे परक्या संघाचे नव्हते. आतोबांच्या गळ्यात होता त्याच रंगाचा मफलर त्यांच्याही गळ्यात होता. जबडा दोन जागी मोडला, डाव्या कानाचा पडदा फाटला आणि तो कान कायमचा गेला. आत्याच्या पिशवीत स्टीलचा थर्मास होता. "पयल्याच्या तोंडावर आधी चहा मारला, मंग थर्मास," हे ती मला पोहे खाता खाता सांगायची. "त्याचे दोन दात फुटपाथवर पडले. मी ते बुटानं गटारात लोटले, म्हटलं आता शोध." पुढच्या घरच्या सामन्याला ती आतोबांना घेऊन पुन्हा त्याच दोन खुर्च्यांवर जाऊन बसली. त्यांचा जबडा तारेनं बांधलेला होता, गोल झाल्यावर ते फक्त नाकातून आवाज काढू शकत होते. ती त्यांच्या उजव्या हाताला बसे, चांगल्या कानाशी. डावीकडून लोक काय काय ओरडतात ते आतोबांना त्यानंतर कधीच ऐकू आलं नाही, आणि उजवीकडून ओरडायची कुणाची टाप नव्हती.

वर्षं गेली, क्लब बदलला, शिव्या कमी झाल्या. मी वर्क व्हिसावर रीडिंगला आलो आणि आत्याच्या रविवारच्या जेवणाचा हक्काचा पाहुणा झालो. मग आतोबा गेले. त्या उन्हाळ्यात आत्यानं दोन्ही तिकिटांचे पैसे भरले. त्यांच्या नावाच्या तिकिटाचेही. त्यानंतर दर सामन्याला ती आपल्या खुर्चीवर, आणि डावीकडची रिकामी. दर वाढत गेले तसं तिनं आधी नागपूरच्या चकरा सोडल्या, मग घरातलं हीटिंग कमी केलं. घरात कोट घालून वरण ढवळायची. मी एकदा, शहाणपणा शिकवायची माझी जुनी खोड, तिला म्हणालो, "आत्या, रिकाम्या खुर्चीचे पैसे कशाला भरतेस?" तिनं पळी खाली ठेवली. "तिथं दुसरा कोणी बसला त त्याचा खांदा मले लागंल ना बे." मी वरण जास्त वाढून घेतलं.

पुढे क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये चढला आणि सगळं बिनसलं. तिकिटांसाठी भली मोठी वेटिंग लिस्ट लागली. आठेक वर्षांनी नियम आला की जी खुर्ची वारंवार रिकामी दिसेल ती काढून घेतली जाईल. शिवाय प्रत्येक हजेरीचे लॉयल्टी पॉइंट सुरू झाले. ज्याचे पॉइंट जास्त, त्याची जागा पक्की. आत्यानं मला फोन केला. "शनवारी ये. आतोबाच्या कार्डावर बसाचं." मी म्हणालो, हे नियमात बसतं का? "लग्नाला घरून एक माणूस गेला की हजेरी लागते का नाही? कोन आलं ते कोणी इचारते का?" आपल्याकडच्या लग्नांचा हा कायदा इंग्लंडच्या फुटबॉललाही लागू असणार याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कार्ड ज्येष्ठ नागरिकाचं होतं. मी पन्नाशीच्या अलीकडे. गेटवर मला घाम फुटला. सिक्युरिटीवाल्या तरुणानं कार्ड बघितलं, मला बघितलं, आणि अत्यंत प्रेमानं माझा दंड धरून म्हणाला, "पायरी सांभाळून, सर." कुणालाही, कधीही, संशय आला नाही. आत्या त्यावर हसून हसून खोकली. मी घरी येऊन केसांना रंग लावायला सुरुवात केली.

दोन सीझन मी आतोबा होतो. फुटबॉल मला तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही, पण चुकलेला गोल मात्र लगेच कळायचा, कारण तो माझ्या मांडीवर बसायचा. आत्याचा पंजा नर्सचा होता, नेमका. सामना संपेपर्यंत मांडी काळीनिळी. बायको विचारायची, "बघायला जातोस की खेळायला?" एकदा मागच्या रांगेतला एक आडदांड माणूस आत्याच्या खुर्चीच्या पाठीला सारखा लाथा मारत होता. तिनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तो म्हणाला, म्हातारे, तुझ्या देशात जाऊन बस. मी ताबडतोब बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझ्या बुटांना नाडी नाही. वर बघितलं तेव्हा आत्या खुर्चीवर गुडघे टेकून मागे वळलेली, आणि त्याचं नाक तिच्या दोन बोटांत. तिनं ते पिळलं. कट असा आवाज आला आणि रक्त त्याच्या पांढऱ्या जर्सीवर धो धो वाहू लागलं. लगेच तीच त्याच्यावर ओरडली, "मान मागे नको, पुढे वाक. इथं दाब. तोंडानं श्वास घे." अर्धा हाफ तिनं त्याचं नाक टिश्यूनं दाबून धरलं होतं. तो लहान मुलासारखा "येस, नर्स" म्हणत होता.

माझ्या हजेरीनं आतोबांचे पॉइंट इतके वाढले की क्लबकडून फोन आला: इतक्या वर्षांच्या निष्ठेबद्दल वसंतरावांचा मैदानावर, हाफ टाइमला, सत्कार करायचा आहे. आता कुणाही शहाण्या माणसानं तब्येत बरी नाही म्हणून टाळलं असतं. पण सत्कार नाकारणं आमच्या घराण्याच्या रक्तात नाही. आणि मरणोत्तर सत्कार असतो, त्यात पत्नी स्टेजवर जाऊन शाल-श्रीफळ घेते, सगळे उभे राहतात, हे आत्यानं नागपुरात पन्नास वेळा पाहिलेलं. ती जांभळी सिल्कची साडी नेसून क्लबच्या ऑफिसात गेली, मला बरोबर घेऊन. तिथल्या गोड मुलीनं विचारलं, "वसंत कुठे आहेत?" आत्या अभिमानानं म्हणाली, "तो वारला. मी घेणार त्याच्यासाठी." मुलीचे डोळे भरून आले. "ओह, आय ॲम सो सॉरी. कधी?" आत्यानं खरं ते वर्ष सांगितलं. मुलगी कंप्युटरकडे बघत राहिली... "पण मग सामन्यांना येतं कोण?" "हा. माझा भाचा," आत्या म्हणाली, आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी टेबलावरच्या चषकांवर आदळलो. "रीडिंगहून येते बिचारा. एक मॅच चुकवली नाही."

कार्ड रद्द झालं. आत्याचं स्वतःचं तिकीट ताकीद देऊन ठेवलं. आतोबांची खुर्ची वेटिंग लिस्टमधल्या पहिल्या माणसाला गेली.

तो माणूस म्हणजे डेव्ह. छपरं दुरुस्त करणारा, मानेवर टॅटू, दारातून तिरका आत यावा एवढा रुंद. ऑगस्टमधल्या पहिल्या सामन्याला आत्यानं मला एका सामन्याच्या सुट्या तिकिटावर वरच्या स्टँडमध्ये पाठवलं होतं, म्हणून मी ते लांबून पाहिलं. लांबून पाहणं हीच माझी आयुष्यातली खरी पोझिशन. ती त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं फोनवर तिकीट दाखवलं. ती हलली नाही. त्यानं खांदे उडवले आणि तो बसला. थर्मास वर गेलेला मला दिसला, खाली आलेला दिसला नाही, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा डेव्हची भुवई फाटून अर्धा चेहरा लाल झाला होता आणि आत्या त्या खुर्चीच्या हाताला दोन्ही हातांनी लटकली होती. सिक्युरिटीचे चार जण तिला ओढत होते. एकेक बोट सोडवत होते, सोडवलेलं बोट पुन्हा घट्ट बसत होतं. एकाच्या मनगटाला ती चावली. शेवटी खुर्चीचा हात तुटला आणि त्यासकट ती पायऱ्यांवर आपटली. तिचं मनगट मोडलं. मी धावत खाली पोचलो तोवर फर्स्ट एडच्या खोलीत ती सुजलेला हात मांडीवर टाकून दुसऱ्या हातानं डेव्हच्या भुवईवर पट्ट्या चिकटवत होती. पोलीस विचारत होते, तक्रार करायची आहे का? डेव्ह म्हणाला, "मी पडलो. दहाएक वर्षं थांबलोय मी या सीटसाठी, मित्रा. पहिली मॅच तुमच्या चौकीत घालवू?"

डेव्ह "मी पडलो" यावरच अडून राहिला, म्हणून क्लबनंही आत्याला खुर्चीच्या हाताचे पैसे भरायला लावून सोडलं. उरलेला सीझन ती दोघं शेजारी बसली. आधी बरेच दिवस न बोलता. डेव्ह एवढा रुंद, पण अंग चोरून पलीकडे कलून बसायचा, तिला खांदा लागू नये म्हणून. पाठीचं दुखणं जडलं त्याला त्यापायी. डिसेंबरमध्ये त्याचा मला मेसेज आला: मांडीवरचे डाग साधारण किती दिवसांनी जातात? खरं सांगतो, मला असूया वाटली...

क्रिमेटोरियममध्ये बुद्धवंदना चालू असताना तो मागच्या रांगेत उभा होता, काळा कोट, खाली क्लबचा मफलर. सुजातानं शहाणपणानं त्याच आठवड्यात क्लबला कळवलं होतं. आमच्या घरात एकदा धडा मिळाला होता. नियमाप्रमाणे क्लबनं आत्याची खुर्ची उरलेल्या सामन्यांसाठी विकली. पुढच्याच सामन्यात एक चांगल्या कपड्यातला, अगदी सभ्य माणूस ती शोधत आला. डेव्ह त्याला म्हणाला, आज नको. तो म्हणाला, मी पैसे भरलेत. डेव्ह पुन्हा म्हणाला, आज नको. तो बसला. डेव्हनं त्याला कॉलर धरून उचललं आणि दोन रांगा खाली फेकलं. मग सोडवायला आलेल्याच्या तोंडावर ठोसा मारला, त्यात स्वतःचा हात मोडून घेतला. मी त्याला हॉस्पिटलात भेटायला गेलो. "मूर्खा, आता तुझीही सीट गेली," मी म्हणालो. "अंग चोरून बसायची सवय लागली होती," तो म्हणाला. "तो खुशाल मला खांदा टेकवत होता."

गेल्या रविवारी दुपारी सीझनचा शेवटचा सामना टीव्हीवर होता. आत्याचं घर आवरायला आम्ही जमलो होतो. सुजातानं डेव्हलाही बोलावलं. मैदानावर त्याला बंदी, हात प्लास्टरमध्ये. सुजाता अकाउंटंट आहे, आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही तिनं. आईच्या मारामाऱ्यांची लाज वाटून शाळेत आडनाव सांगायची नाही. आम्ही तिघं खोक्यांच्या मधे सोफ्यावर बसलो. कुणीतरी कॉर्नर घेतला आणि कॅमेरा त्या स्टँडवरून फिरला. खच्चून भरलेला स्टँड, माणसाला माणूस चिकटलेला, आणि मधोमध, शेजारी शेजारी, दोन खुर्च्या रिकाम्या. त्या सभ्य माणसानं म्हणे त्या रांगेत पुन्हा पाय ठेवायला नकार देऊन दुसरीकडे जागा मागून घेतली होती. डेव्हची तर रद्दच झाली होती. डावीकडच्या खुर्चीचा हात नवा बसवलेला, इतरांपेक्षा जरा गडद निळा.

कॅमेरा पुढे गेला.

"ऑगस्टमध्ये विकतील दोन्ही," डेव्ह म्हणाला. "लिस्ट मोठी आहे."

सुजातानं टीव्हीवरची नजर काढली नाही. शांतपणे केस मागे बांधले, आणि म्हणाली, "विकू दे ना. कोण बसतो, मी बघते."