कडुनिंबाशी रस्सीखेच

शिक्षकांच्या क्रीडा स्पर्धेत आमच्या शाळेच्या आठ बाया रस्सीखेचीत दर वर्षी पहिल्याच फेरीत हरायच्या. त्याचं दुःख कुणालाच नव्हतं. जेवण चांगलं असायचं. पण यंदा आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, निवृत्त होणार होत्या, आणि जाण्याआधी त्यांना एकदा, फक्त एकदा, जिंकायचं होतं.

म्हणून आमच्या गावी, केदारखेड्यात, शाळा सुटली की मैदानातल्या कडुनिंबाला दोर बांधून आम्ही ओढायला लागलो. मोठ्या बाई सगळ्यात मागं, दोर कमरेला घेऊन. झाड हलायचं नाही. महिनाभर आम्ही रोज झाडाकडून हरलो. दंड मात्र असे तयार झाले, की पोळी लाटताना पोळपाटाची काळजी वाटायची.

स्पर्धेच्या दिवशी प्रमुख पाहुणे आत्मविश्वासावर भरपूर बोलले. मनात आणलं तर माणूस डोंगर हलवतो म्हणे. आमच्यातली गणिताची बाई पुटपुटली, “यांना आपलं झाड दाखवा एकदा.”

समोर जुन्या जालन्याच्या बाया, एकसारख्या ट्रॅकसूटमध्ये. आम्ही पदर खोचले. शिट्टी झाली, सवयीप्रमाणे जीव खाऊन ओढलं, आणि दोर चक्क आला. दोर आल्यावर काय करायचं, हे झाडानं शिकवलंच नव्हतं. आठही जणी एकमेकींवर उताण्या पडलो. समोरच्यांनी आम्हाला तसंच धुळीतून आपल्याकडे ओढून नेलं.

मोठ्या बाईंनी पदर झटकला. “येऊन राह्यलं म्हणून दचकू नका गं. एकेक पाय मागं घ्या, मंग बराबर येतंय.”

दुसरा डाव एकेक पाय मागं घेत जिंकला. आता बरोबरी. तिसऱ्यात दोर सरकू लागला तशी गणिताची बाई म्हणाली, “बाई, खरंच येऊन राह्यलंय की,” आणि आम्हाला हसू फुटलं. ते समोरही पोचलं. त्यांचे हात सैल पडले. आमचेही पडले असते, पण महिनाभराच्या सवयीनं ते दोराला चिकटून होते. हसत हसत, पाय मोजून टाकत, आम्ही त्यांना रेषेपार आणलं.

मोठ्या बाई मातीतच बसल्या. पंच म्हणाले, दुसरी फेरी लगेच आहे. दुसरी फेरी असते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

“तुम्ही खेळा,” बाई म्हणाल्या. “मी काई उठत न्हाई आता.”

कमरेचा दोर मात्र त्या कुणाला सोडू देईनात. पंचांना दुसरा दोर आणावा लागला.