उत्तनच्या वाळूतला झिरा

सोमवारी आई गावाला परत जाणार होती आणि रविवारी मी तिला समुद्र दाखवायला नेलं. दोन महिने ती आमच्याकडे भाईंदरला, जेसल पार्कमध्ये राहत होती, पण मला एक रविवार सापडला नव्हता. सापडला तो शेवटचा. माझं सगळं असंच, वरातीमागून घोडं.

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. वडील मागच्या वर्षी गेले. मला भाऊ नाही, बहीण नाही. आई मराठवाड्यातल्या आमच्या गावी एकटीच राहत होती. मार्चमध्ये नळावर पाय घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी हाटकेशला कारखान्यात होते, तिथे मी डिस्पॅचचं काम बघते. तशीच निघाले आणि तिला घेऊन आले. पुढे प्लास्टर निघालं, हात चालायला लागला. आणि एका सकाळी, दूध उतू जातंय, डबे भरायचेत, अशा वेळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "माझं तिकीट काढ बाई आता. लई दिस झाले."

मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं, कुकरपाशी उभी राहून, मोबाइलवर. नवरा म्हणत होता, "अगं थांब, दोन दिवस जाऊ देत." मी म्हटलं, "तिला राहायचं नाही तर मी काय पाया पडू?" खरं सांगायचं तर मला ती हवी होती. गावात पुन्हा पडली तर उचलायला कोण आहे ही काळजी होतीच. पण त्याहून जास्त म्हणजे, संध्याकाळी मी घरी आले की दार उघडायला ती असायची, ते मला फार बरं वाटायचं. हे मी तिला एकदाही बोलले नाही. उलट मनात धरून बसले, की आम्ही एवढं केलं आणि हिला आमच्याकडे करमत नाही. राग आला की मी कामं फार झटपट करते.

तर त्या रविवारी आम्ही चौघं, मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि आई, भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या बसमध्ये बसलो. मुर्धा, राई, मोर्वा करत बस निघाली. मिठागरं लागली तेव्हा आईने मिठाचे ढीग बघून विचारलं, "एवढं मीठ उघड्यावर ठेवतेत? अन् पाऊस आला मंजी?" मी म्हटलं, पावसाच्या आधी उचलतात. तिने मान डोलावली, पण तिला काही ते पटलेलं दिसलं नाही.

उत्तनला उतरून रिक्षा केली, आणि रिक्षा थांबली तिथून पुढे पायवाट. त्या किनाऱ्याला धड नावही नाही. हॉटेल नाही, खोल्या नाहीत, घोडा-उंट नाही, पाण्याची बाटली विकणारी टपरीसुद्धा नाही. सुरूची आणि ताडाची झाडं, दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील आणि समोर समुद्र. तरी रविवारी माणसं असतात, सगळी आसपासची. मीरा रोडचं एक कुटुंब बिर्याणीचं पातेलं चादरीत बांधून घेऊन आलं होतं. दुसरीकडे एक गुजराती घर थेपल्यांचे डबे उघडून बसलेलं. बायका साडी-सलवारीसकट पाण्यात उतरलेल्या, लाट आली की एकमेकींचे हात धरून किंचाळत होत्या. मे महिना, लाटा चांगल्या उंच. तिथल्या गावातल्या मुली-मुलं मासळीच्या थर्माकोलच्या खोक्याचं झाकण पोटाखाली घेऊन लाटेवर झोपायची आणि थेट वाळूत येऊन आपटायची. माझ्या लेकीने ते बघितलं आणि आमच्याकडे बघायचंच बंद केलं. पाच मिनिटांत तिने एका मुलीशी हिंदीत मैत्री करून झाकण मिळवलं होतं.

आईने तोवर समुद्र फक्त टीव्हीत बघितला होता. ती साडी खोचून घोटाभर पाण्यात उभी राहिली. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकली तशी तिने माझा दंड घट्ट पकडला. "बया, हे तर माणसाला ओढायलंय," म्हणाली आणि हसली. मग बाहेर यायलाच तयार नाही. अर्धा तास आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. नातीचं झाकण लाटेत उलटलं की आई "गेली, गेली" म्हणायची आणि ती वर आली की माझ्या पाठीत एक धपका घालायची, जणू मीच तिला बुडवली. मी सुखात होते. उद्याची गाडी मी त्या अर्ध्या तासापुरती बाजूला ठेवली होती.

दुपारी सुरूच्या सावलीत जेवायला बसलो. भाकरी, खरडा, सुकट. पहिल्याच घासाला लेकीला ठसका लागला. लहान बाटलीत होतं नव्हतं ते पाणी तिने संपवलं आणि मी मोठा कॅन मागितला, तर नवऱ्याचा चेहरा पडला. कॅन बस स्टॉपच्या बाकड्यावर राहिला होता. झालं, मला निमित्तच हवं होतं. एक काम सांगितलं होतं तुम्हाला, एक. रिक्षात बसताना हातात काय होतं? मोबाइल. मी सकाळपासूनचं सगळं काढलं, त्यात लग्नातलंही थोडं काढलं. नवरा लेकीला म्हणाला, "समुद्राला ओहोटी लागलीय बघ. भरती आपल्याकडेच आहे." आणि पाणी शोधायला उठला.

"बसा जावईबापू," आई म्हणाली. "उन्हाचं कुठं जाता." तिने डब्याचं स्टीलचं झाकण घेतलं, एक वाटी घेतली आणि समुद्राकडे पाठ करून वरच्या अंगाला चालायला लागली. जमीन बघत बघत गेली. एके ठिकाणी थोडं हिरवं गवत होतं, तिथे अंगठ्याने उकरून बघितलं, फतकल मारून बसली आणि झाकणाने वाळू काढायला लागली.

"आई, काय करू लागलीस?" मी मागे धावले.

"झिरा," ती म्हणाली.

तिच्या लहानपणी गावची विहीर आमच्या लोकांना नव्हती. उन्हाळ्यात नदी आटली की आमच्या वस्तीतल्या बाया पात्रातल्या वाळूत हातभर खड्डा करायच्या, तोच झिरा. तळातून पाणी पाझरतं, ते वाटीवाटीने घागरीत भरायचं. आई हे सहज सांगायची, जसं कुणी शाळेत चालत जायचो म्हणून सांगतं. मी मात्र झिरा करताना कुणाला बघितलं नव्हतं. माझ्या जन्मापर्यंत वस्तीत नळ आला होता.

"आई, हा समुद्र आहे. नदी न्हाई. खारं लागंल."

"डोळे हाईत मला."

नवरा मागून आला. "तहान लागल्यावर विहीर खणतात म्हणतात, ते हेच का?" आई खुदकन हसली, मला मात्र लाज वाटत होती. बिर्याणीवाली मंडळी वळून बघायला लागली होती. तेवढ्यात बोंबील उलटे करायला आलेली गावातली एक कोळीण मावशी कमरेवर हात ठेवून थांबली. "खणू दे तिला, बाय. हितं गोडं पानी हाय. माझी सासू हितंच काढायची. पन जरा वर सरक, ताडाकडं."

आई सरकली आणि नव्याने खणायला लागली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा वाळू काळपट झाली आणि तळाला पाणी जमायला लागलं. मी लगेच पेला घेऊन वाकले, तर तिने माझा हात बाजूला केला. "पी हळद अन् हो गोरी करू नको. थांब." पहिलं पाणी गढूळ असतं. ते तिने वाटीने काढून लांब फेकलं. पुन्हा साचू दिलं, पुन्हा फेकलं, असं तीनदा. मग खड्ड्याच्या कडा ओल्या हाताने थापल्या आणि हात मांडीवर ठेवून बसली. मोडलेला हात कुठला ते मला ओळखू आलं नाही.

पाणी निवळलं तेव्हा पहिली वाटी तिने मावशीपुढे धरली. मावशी पटकन पिऊन मोकळी झाली आणि आणखी मागितलं. आपल्या हातचं पाणी कुणी असं मागून पितंय, हे आई टक लावून बघत होती. मग लेक आली, नवऱ्याने घेतलं, मलाही दिलं. किंचित मचूळ होतं, पण गार. बिर्याणीवाल्या बाईने माझ्या लेकीच्या हाती रिकामी बाटली पाठवली, "आंटी, हमको भी थोडा." आई वाटीवाटीने ती बाटली भरायला लागली. इतक्या खुशीत मी तिला दोन महिन्यांत बघितलं नव्हतं. आमच्या घरी तोटी फिरवली की पाणी येतं, त्यात तिने काय करावं.

मावशी तिच्या शेजारी उकिडवी बसली होती. "लेकीकडं आलीस?"

"हां. उद्या चालले गावाला."

"गावाला कोन हाय?"

"कुणी न्हाई. घर हाय."

"मग कशाला जातेस?"

आईने वाटी बुडवली, बाटलीत ओतली. "लेकीनं तिकीट काढलंय," ती म्हणाली.

तक्रार करायची म्हणून नाही, नुसतंच सांगितलं. मी हातभर अंतरावर पेला घेऊन बसले होते. माझा भडका उडाला. "मी काढलं? तू मागितलंस म्हणून काढलं ना. दारात उभी राहून कोण म्हणालं, तिकीट काढ?"

"म्हणले."

"मग?"

ती माझ्याकडे न बघता बोलली. "लेकीच्या घरी आईनं किती दिस ऱ्हावं? कुणी काही म्हणायच्या आधी आपण उठावं, तसं म्हणले. वाटलं, तू म्हणशील, कशाला जातीस. तू दिवस मावळायच्या आत काढलंस."

मावशी म्हणाली, "आमच्यात पन तसंच हाय, बाय," आणि उठून आपल्या बोंबलांकडे गेली.

मला रडायलाच आलं. तिथे, चार कुटुंबांसमोर, हातात पेला घेऊन. तेव्हापासून मी तिच्यावर रुसले होते आणि ती दारात उभी राहून माझ्या एका शब्दाची वाट बघत होती. "मग सरळ सांगायचं ना, राहते म्हणून," मी म्हणाले. रडत म्हणाले आणि तेही चिडूनच.

"मी कशी सांगू? ते तू म्हणायचं असतंय."

"राहा," मी म्हणाले. "आई, जाऊ नको. राहा."

तिने जावयाकडे बघितलं. तो लेकीचे केस पुसत होता. "माझ्याकडे काय बघता, आई?" तो म्हणाला. "तुम्ही गेलात तर हिच्या तावडीत मी एकटा. कृपा करा आणि राहा."

आईने बाटलीचं बूच लावलं आणि ती नातीच्या हातात देऊन बिर्याणीवाल्यांकडे पाठवली. पदराने हात पुसले. "अन् तिकिटाचं?" तिने विचारलं.

"रद्द करते घरी गेल्यावर."

"आत्ता कर," आई म्हणाली. "काढताना कुठं थांबली होतीस."