दादांना तार दिसली होती

पेडगावात आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आणि तो उडवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घर सोडून पंधरा दिवस ट्रेनिंगला जायला दुसरी कुणी तयार नव्हती. हुशारीबिशारीचा काही संबंध नाही. तरी पायलटचं कार्ड मी गावभर मिरवलं.

ड्रोन उडवताना वावराच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा करावा लागतो. तार, खांब, माणूस, काहीही आडवं आलं की त्यानं ओरडून सांगायचं. नवरा परभणीला नोकरीला, म्हणून हे काम माझ्या थोरल्या दिरांनी घेतलं. सगळं घर त्यांना दादा म्हणतं. नजर एवढी तेज की तीन वावरं पलीकडची शेळी कुणाची ते सांगतील. अडचण एकच. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी दादा माझ्याशी एकदाही सरळ बोलले नव्हते. आमच्यात थोरला दीर आणि धाकटी भावजय बोलत नाहीत. मी समोर असले तरी ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "चहा ठेवा म्हणावं." मीही पदर सावरून चहा ठेवायची. ही रीत वावरातही आमच्या मागोमाग येईल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी शेजाऱ्याच्या तुरीवर फवारणी होती. आदल्या दिवशी अर्धं वावर झालं होतं, म्हणून आज फेरी मारून बघायचा मी कंटाळा केला. मधल्या वेळात शेजाऱ्यानं विहिरीवरच्या मोटारीसाठी नवी तार ओढली होती. मला उन्हात ती दिसेना. दादांना दिसली. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते बांधावर बसलेल्या शेजाऱ्याकडे पळत सुटले, मला थांबायला सांगा म्हणून. त्याला समजेपर्यंत ड्रोन तारेत अडकून तुरीत पडला. दहा पावलांवर दोन बाया खुरपत होत्या. त्यांना काही झालं नाही, उलट त्यांनीच मला खाली बसवून पाणी पाजलं.

गावाला बोलायला आयतंच सापडलं. बाईमाणसाला कशाला असली मशीन? गटाची बैठक बसली. दुरुस्त झाल्यावर ड्रोन माझ्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, एवढाच विषय. ट्रेनिंगला सर म्हणाले होते, मोठ्या विमानातही असं होतं. हाताखालच्या पायलटला धोका दिसतो, पण साहेबाला कसं बोलावं म्हणून तो गप्प बसतो. तेव्हा मी हसले होते, एवढी शिकलेली माणसं आणि लाजतात. बैठकीत ते आठवलं, पण बोलले असते तर दादांचं नाव निघालं असतं. चूक माझी म्हणून मान खाली घातली. दादांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात दादा दारात येऊन उभे राहिले. बायकांच्या बैठकीकडे ते कधी फिरकले नव्हते.

"तार मला दिसली व्हती," ते म्हणाले. "मी बोललो न्हाई, म्हून पडलं. तिचं काम काढून घिऊ नका."

ड्रोन माझ्याकडेच राहिला. दुरुस्त होऊन आल्यावर पहिल्याच दिवशी आम्ही आधी वावराला फेरी मारली, ते पुढे, मी मागे. ड्रोन वर गेला आणि समोरून मोठ्यानं आवाज आला, "थांब, थांब." मी लगेच उतरवला आणि पळत गेले. तुरीच्या शेंड्यांवर कोळ्याचा एक धागा चमकत होता, बाकी काही नाही. दादा ओशाळून खाली बघायला लागले.

"काईच न्हवतं. उगं थांबवलं तुला."

मला रडू आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हाक मारली.

"दादा, उगंच असलं तरी वरडा. शंभरदा वरडा. मी शंभरदा उतरवीन."

ते परत टोकाला जाऊन उभे राहिले आणि त्या दिवशी आणखी दोनदा ओरडले. दोन्ही वेळा मी ड्रोन उतरवला.