घाण्यावरचं तेल

गोंदियाजवळच्या मुर्री गावातले एक काका घरच्या ट्रेडमिलवर धोतर खोचून चालत आणि पावलागणिक एकेक शब्द टाकत. "डॉक्टर... म्हणते... भात सोड. काऊन सोडू? धानाच्या मुलखात राहून राहिलो!" चालून झालं की ते भिजवलेले चणे खात, मग भात आणि जवसाची चटणी. सत्तरीतही त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या होत्या.

मी साताऱ्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. गोंदियातल्या एका दुकानासाठी ट्रेडमिल दुरुस्त करायचो. "पट्ट्याखाली तेल टाकत जा," एवढंच मी त्यांना सांगितलं. सिलिकॉनचं, हे सांगायचं राहिलं. त्यांनी घाण्यावरचं जवसाचं तेल ओतलं. ते सुकून चिकट झालं, चालता पट्टा अडकला आणि काका गुडघ्यावर पडले.

त्यांच्या मुलाने दुकानात फोन केला. मालक मला घेऊनच तिथे गेले. त्यांनी मला दरडावलं, "कौनसा तेल, बताया नहीं था क्या?"

नोकरी गेली, असंच मला वाटलं.

"सांगतलं होतं जी त्यानं," काका म्हणाले. "मीच इसरलो."

मालक गाडीकडे वळले. काकांनी चण्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि हळूच विचारलं, "आता सांग बाप्पा, कोनतं टाकाचं असते?"