पाठ करून बसलेल्या मावशी

गावी जाताना आमच्या मोत्याला आठवडाभर कुणाकडे तरी ठेवायचं होतं. बोईसरात दोघांना विचारलं. एकाने साखळी मागितली, दुसऱ्याने काठी. दोघांनाही मी ठणकावून नाही म्हटलं.

शेवटी घिवलीच्या एका मासळीवाल्या मावशींकडे त्याला घेऊन गेलो. त्यांनी मोत्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्याकडे पाठ करून त्या सुके बोंबील निवडत बसल्या. थोड्या वेळाने मोत्या आपणहून सरकत गेला आणि त्यांच्या मांडीला टेकून पडला. परक्याच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा हा कुत्रा! मी चाटच पडलो.

कौतुकाने थोपटायला मी हात उचलला, तर त्याने डोळे मिटून अंग चोरलं.

मावशींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"शाना हाय. ठेवीन मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पन तुमी याला मारता ना?"

माझा हात तसाच वर राहिला.