कानामागची दाढी

नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागल्या की फडातला एक नट दाढीला माझ्याच दुकानात यायचा. पन्नाशी गाठली होती, तरी वगात राजपुत्र तोच व्हायचा. वस्तरा टेकायच्या आधीच डोळे मिटून म्हणायचा, "हळू भाऊ, ह्या थोबाडावर पोट हाये माझं." शेवटी तुरटी फिरवली की खुर्चीतून उडायचा. "लई झोंबतं राव." एवढा दांडगा गडी, पण तुरटीला भ्यायचा.

एका साली तो पुण्याहून ऑपरेशन करून आला. चेहऱ्याची कातडी वर ओढून घेतली होती. सुरकुती म्हणून उरली नव्हती.

"पोरगा दिसतो का न्हाई?"

मी हो म्हणालो आणि साबण लावायला लागलो, तर दाढीचे खुंट कानाच्या मागंही हाताला लागले. कातडीबरोबर दाढीसुद्धा तिकडं सरकली होती.  वस्तरा जपून कानामागं नेला, तोच आरशात दुसरा गाल बघायला त्यानं मान वळवली. पातं लागलं. रक्त मानेवरून टॉवेलवर उतरलं. मी घाईघाईनं तुरटी दाबून धरली आणि तो कधी ओरडतो याची वाट बघत राहिलो. तो आरशात बघून हसत होता.

मग त्याची नजर टॉवेलवर गेली. "भाऊ, बोट कापलं का तुमचं?"

मी हो म्हणालो, आणि धडधाकट बोटाला चिंधी गुंडाळली.