काळजी घेणारे प्रधान

निरोप देताना आपण सगळे "काळजी घ्या" म्हणतो. ऐकणारा "हो हो" म्हणतो आणि काहीएक घेत नाही. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले शरच्चंद्र प्रधान मात्र खरोखर घ्यायचे. लिफ्टच्या दोराची, पाण्याच्या टाकीची, दुसऱ्या मजल्यावरच्या किरणच्या लग्नाची. सोसायटीचीही सोय झाली. "प्रधान आहेत ना काळजीला!" म्हणत बाकीचे घोरायचे. मी तर माझं बीपीसुद्धा त्यांच्या खात्यात टाकलं होतं.

मग त्यांची छाती धडधडू लागली. हातपाय गार, घाम, "गेलो, गेलो!" आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचो. ईसीजी दरवेळी इतका सुरेख यायचा की तिथले डॉक्टर म्हणाले, फ्रेम करून लावा. पुढे प्रधानांनी गेटबाहेर पडणंच सोडलं. "मी गेलो आणि मागे काही झालं तर?"

नेमकी तेव्हाच अंधेरीला त्यांच्या इरावतीला मुलगी झाली. सव्वा महिन्याने बारसं. आजोबांनी नात पाहिली होती ती फोनवरच.

त्यांच्या पत्नी शुभावहिनींनी घाटकोपरच्या मानसोपचारतज्ज्ञ बाई शोधल्या. प्रधान उसळले, "मी काय वेडा आहे?"

"छे हो! वेडे आम्ही, तुमच्या जिवावर झोपणारे," मी म्हटलं.

पहिली भेट व्हिडिओ कॉलवर झाली. साखर मागायला म्हणून मी तिथेच होतो. बाईंनी विचारलं, "तुमच्या पार्किंगमध्ये मांजर बसलं तरी बोंबलणारी एखादी गाडी आहे का?"

"आहे ना. ह्यांची!" प्रधानांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुमच्या छातीत तसाच भोंगा आहे. तो खरंच वाजतो, तुम्ही नाटक करत नाही. फक्त चोर नसतो. हा चिंतेचा आजार आहे आणि तो बरा होतो."

गोळी सुरू झाली, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. रोज गेटपासून थोडं पुढे जायचं, आधी इस्त्रीवाल्यापर्यंत, मग नाक्यापर्यंत. आणि काळजी करायची ती फक्त संध्याकाळच्या चहानंतर. एरवी आली तर थांबवून ठेवायची.

झालं! प्रधानांनी खातं बंद न करता वेळ ठरवून घेतली. सकाळीच सुगंधाकाकू धावत आल्या, "अहो, गच्चीत पापड घातलेत, पाऊस आला तर?"

"चहानंतर, काकू."

"तोवर भिजतील ना!"

"मग भिजल्यावर बघू."

काकू आठवडाभर बोलत नव्हत्या. पापड मात्र कडकडीत वाळले.

बारशाच्या सकाळी अख्खी सोसायटी गेटवर हजर. वहिनींनी सगळ्यांना दम भरला होता, ते दोन शब्द कोणी काढायचे नाहीत. प्रधान वहिनींबरोबर रिक्षात बसले. कपाळावर घाम, हात छातीवर.

"भोंगा?" मी विचारलं.

"वाजतोय."

"चोर?"

"दिसत नाही." आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चला."

रिक्षा हलली आणि माझी जीभ घसरली, "काळजी घ्या हं!"

वहिनींनी कपाळाला हात लावला. प्रधानांनी मान बाहेर काढली. "आज नको. तुमच्याकडेच ठेवा!"

ठेवली. पोहोचले असतील का? वाटेत घाबरले तर? मी वहिनींना फोनवर फोन लावले. शेवटी उचलला, मागे पाळणागीत, त्यात प्रधानांचा बेसूर आवाज.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "नात ह्यांच्या मांडीवर आहे. आणि त्या बाईंचा नंबर पाठवू का तुम्हाला?"